न्हाणीचं दफ्तर

ज्याच्या न्हाणीच्या दाराला लाखेचा शिक्का लागला असा गृहस्थ अख्ख्या निजामाच्या मुलखात मी एकटाच असेन. चोराच्या घराला शिक्का लागतो, दिवाळखोराच्या दुकानाला लागतो. मी चोर नाही, आणि दिवाळं काढण्याइतकी ऐपत आमच्या घराण्यात कुणाची झाली नाही. मी जागिरीच्या कचेरीतला साधा अहलकार, म्हणजे कारकून. भावांच्या वाट्याला शेती आली, मला उर्दू येत होतं म्हणून माझ्या वाट्याला कलम आलं. त्या वेळी घरात पेढे वाटले होते. ते पेढे खाल्लेली माणसं अजून भेटली की मला तोंड चुकवावंसं वाटतं.

आमच्या मंडळींनी, म्हणजे सगुणानं, लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पाटल्या मागितल्या नाहीत, लुगडं मागितलं नाही. न्हाणीला धड भिंत मागितली. परसात घराच्या भिंतीला लागून एक फरशी होती आणि तिच्या तिन्ही बाजूंनी तुराट्यांचा कूड. हीच आमची न्हाणी. मातीची भिंत मी दोनदा घालून पाहिली. दोन्ही वेळा पाणी मुरून ती न्हाणीतच येऊन बसली. मग जर्मनची लढाई सुरू झाली आणि सरपण मिळेनासं झालं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका येता-जाता आमच्या कुडाची एकेक तुराटी उपसून चूल पेटवायला नेऊ लागल्या. एक तुराटी म्हणजे काही चोरी नव्हे, असं गल्लीचं मत होतं. शेजारच्या गोजरबाई तर तुराटी उपसताना सगुणाला हाक मारून ख्यालीखुशाली विचारत.

त्यामुळे सगुणा कोंबडं आरवायच्या आत अंघोळ उरकायची. थंडी असो, ताप असो. एकदा मी सहज म्हणालो, "इतकी घाई कशाला करतेस?"

ती म्हणाली, "अवो, तुमी गडीमाणूस, उघड्यावर बसता. मला अंगाला पानी लागलं का न्हाई, हे बघायला बी टाइम भेटत न्हाई. उन्हात बसून केस धुवावं, आसं लई वाटतं मला. ते काय ह्या घरात व्हायचं न्हाई."

हे शेवटचं वाक्य ती भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर मी तिथंच उत्तर दिलं असतं. पण तिनं ते भाकरी थापताना शांतपणे सांगितलं. मला ते फार लागलं.

विटा मिळत नव्हत्या. भट्टीला जाळायला काही नाही, म्हणून भट्ट्या बंद. मी विचार करत परसात येरझारा घालत असताना माझा पाय एका टोपलीवर आदळला. ती सासूबाईंनी दिलेली लगद्याची टोपली होती. रद्दी कागद भिजवायचे, मेथ्या घालून कुटायचे, लगदा मडक्यावर थापायचा आणि वाळवायचा. आमच्याकडच्या बायका अशा टोपल्या नेहमी करतात. माझ्या अंगठ्याचं नख उखडलं. टोपलीला टवकासुद्धा गेला नाही. मी तसाच लंगडत आत गेलो आणि सगुणाला म्हणालो, "टोपली होते, तर वीट का होणार नाही?"

"वीट हुईल," ती म्हणाली. "पर इतका कागद कुठून आनायचा?"

कागदाची सोय कचेरीनं केली. निदान मला तसं वाटलं.

कचेरीच्या कोपऱ्यातल्या खोलीत जुन्या कागदांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. काही मोडीत, काही उर्दूत, सगळे धुळीनं भरलेले. कचेरीचे प्रमुख, पेशकारसाहेब वहीदुद्दीन हे माणूस म्हणून भले, पण त्यांचं अक्षर भयंकर होतं. ते नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, देत नसत आणि त्यांचा अलिफ, म्हणजे 'आ'ची उभी रेघ, कुठं उभा राहील याचा भरवसा नसे. एके दिवशी त्या गठ्ठ्यांवर त्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. तीत एवढंच होतं: "काग़ज़ात जलाना." म्हणजे कागद जाळणे.

निदान मी तसं वाचलं. आणि इथं वाचकांनी मला मूर्ख ठरवण्याआधी थोडं थांबावं. उर्दूत 'जलाना' आणि 'जालना' या दोन शब्दांत एका अलिफच्या जागेचा फरक, शेवटी जरासं वळण वेगळं, बस. धड अक्षर असेल तर पोर वाचील. पेशकारसाहेबांच्या अक्षरात ते आमचं शहर आहे की आग, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तरी मी विचारायला गेलोच होतो. मी म्हणालो, "साहब, वो काग़ज़ात..." ते पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "जो लिखा है सो करो भुजंगराव, और जल्दी करो. कमरा साफ होना."

आता जाळायचेच कागद, तर माझ्या घरी नेले म्हणून कुणाचं काय गेलं? उलट लढाईच्या दिवसांत चांगला कागद जाळणं हाच गुन्हा, असं माझं मत होतं. कचेरीचा शिपाई म्हस्कू, जातीनं धनगर, त्यानं गाडी जोडली आणि गठ्ठे आमच्या परसात आणून टाकले. पेशकारसाहेबांनी खिडकीतून गाडी जाताना पाहिली आणि समाधानानं मान हलवली. ते समजले गाडी जालन्याला निघाली.

लगदा करायला कागद तुडवावा लागतो. मी धोतर खोचून हौदात उतरलो, तोच शेजारचे धर्मराज आबा मधल्या भिंतीवरून डोकावले. आबा म्हणजे गल्लीचे धर्मशास्त्र. त्यांना कुणी विचारत नाही, तरी ते सांगतात.

"भुजंगराव, काय करून राह्यले?"

"विटा."

"सरस्वतीला पाय लावून राह्यले तुमी," ते म्हणाले. "आमच्या पायाला चुकून वहीचं पान लागलं तर आमी डोक्याला लावतो. आन् तुमी तिला तुडवता. कागदाच्या माथ्याला श्री हाय का न्हाई, ते तरी बघितलं का?"

पाहिलं. मोडी कागदाच्या माथ्याला श्री होता. उर्दू कागदाच्या माथ्याला सातशे शहाऐंशी, म्हणजे बिस्मिल्लाचा आकडा होता. म्हणजे दोन्ही देव माझ्या पायाखाली. मी हौदातून बाहेर आलो. माझी बुद्धी मला तुडवायला सांगत होती, पण पाय ऐकेनात.

तोड आबांनीच काढली. प्रत्येक कागदाचा माथा फाडायचा, देवाचं नाव तेवढं पांढऱ्या फडक्यात जमवायचं आणि नदीत सोडायचं. खालचा मजकूर माणसाचा, त्याला उखळात कुटायला हरकत नाही, मात्र पाय लावायचा नाही. सगुणा दिवसचे दिवस माथे फाडत बसली. ती प्रत्येक तुकडा कपाळाला लावून फडक्यात ठेवायची, मग तो श्री असो की सातशे शहाऐंशी. त्याच माथ्यावर कागदाचा नंबर असतो, तारीख असते, गावाचं नाव असतं, हे मला कारकून असून सुचलं नाही. देवाच्या बाजूला कोण बसलंय, हे माणूस पाहत नाही. गाठोडी आबांच्या देखरेखीखाली नदीत गेली. आबांनी वर नारळही सोडायला लावला.

मग उखळ. कुटायचं काम अर्थात सगुणाकडे आलं, कारण माझा अंगठा दुखत होता. तिच्या तळहातांना फोड आले. मी म्हणालो, "राहू दे थोडे दिवस." ती म्हणाली, "न्हाई वो. एवढं मनावर घेतलं हाय तुमी, मधी सोडलं तर पुन्हा व्हायचं न्हाई." माझ्याबद्दल तिचं मत काय होतं ते मला त्या वाक्यात कळलं. ते बरोबर होतं.

गल्लीनं सल्ल्यांत हात आखडला नाही. कुणी म्हणालं गूळ घाला, चिवटपणा येतो. गूळ घातला, मुंग्या आल्या. कुणी म्हणालं उडदाचं पाणी घाला. घातलं, परसात असा वास सुटला की आमच्याकडे पाहुणे यायचे थांबले. तेवढा एक फायदा झाला. गोजरबाई म्हणाल्या, "बेलफळाचा गर घाला, पर आधी मला थोड्या तुराट्या द्या, आता तुमाला काय करायच्या?" विटा वाळत घातल्या तर म्हस्कूची शेरडं मेथीच्या वासानं कुंपण ओलांडून आली आणि एक अख्खी रांग खाऊन गेली. म्हस्कू बिचारा हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "मालक, कुनाला सांगू नका. कचेरीचा कागद खाल्ला म्हनून माझ्या शेरडावर खटला हुईल." आम्ही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

पण वीट झाली. हे मला नीट नोंदवून ठेवायचं आहे, कारण पुढं कुणीच ते नोंदवलं नाही. हलकी, घट्ट, खणखणीत वीट झाली. भिंती चढल्या, वर चुना बसला, चुन्यावर उकळलेलं जवसाचं तेल. गल्ली पैज लावून बसली होती की पहिल्या बादलीला भिंत विरघळणार. मी स्वतः बादली ओतली. पाणी ओघळून मोरीत गेलं आणि भिंत जशीच्या तशी उभी राहिली. आयुष्यात मी एकच गोष्ट धड केली, ती ही.

त्या दिवशी सगुणानं दुपारी अंघोळ केली. न्हाणीला छप्पर नव्हतं, म्हणून सूर्य वरून थेट आत येत होता. तिनं शिकेकाई उकळली, कडी लावली आणि आत गेली ती लवकर बाहेर येईना. मी काळजीनं हाक मारली तर आतून म्हणाली, "बसले हाय उन्हात. जेवायचं झाकून ठेवलंय, घ्या तुमचं तुमी." ती माझ्याशी इतक्या निवांतपणे कधी बोलली नव्हती. मी हातानं वाढून घेतलं आणि मला खूप बरं वाटलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आबांना इजाजत आठवली.

"भिंत झाली, बराबर हाय," ते म्हणाले. "पर इजाजत कुठं हाय? विटा पाडल्या तर जागिरीचा महसूल आसतो. उद्या कुनी चुगली केली, मंग? अर्ज देऊन टाका. आपुन व्हऊन सांगितलं की कुनी बोलू शकत न्हाई."

मला ते पटलं. सरकारी माणसानं नियमानं वागावं, असा माझा तेव्हा समज होता. मी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला: घरी कागदाच्या विटा तयार करून न्हाणी बांधली आहे, जो काय महसूल असेल तो कळवावा. पेशकारसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "मिट्टी की ईंट का महसूल है. काग़ज़ की ईंट का तो खाना ही नहीं है जी. ऊपर पूछना पड़ेंगा." कागदाच्या विटेला रकानाच नाही म्हणून अर्ज वर गेला. आमच्या जागिरीचं वर म्हणजे जालना. तिथं जागीरदारांचा सगळा कारभार पाहणारे मुन्तज़िमसाहेब बसत.

तिकडे हद्दीचा एक खटला चालला होता आणि त्यासाठी लागणारे जुने कागद अजून का आले नाहीत, म्हणून ते रोज चिडत होते. त्याच टपालात त्यांच्या हाती माझा अर्ज पडला. त्यांनी समासात एकच प्रश्न लिहून तो परत पाठवला: कौन से काग़ज़?

पेशकारसाहेबांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "भुजंगराव, मैं ने क्या लिखा था?"

"साहब, काग़ज़ात जलाना."

"जालना," ते म्हणाले. "जालना लिखा था मैं ने. जालना भेजो. और तुम ने जलाए भी नहीं. जला देते तो राख दिखाते. तुम ने तो दीवार बना दी."

मुन्तज़िमसाहेब स्वतः टांग्यातून राजूरच्या वाटेनं आले. बरोबर दोन कारकून, एक लाखेची पेटी. अख्खी गल्ली आमच्या परसात जमली. गोजरबाई सगळ्यांत पुढं होत्या आणि कुडाला पूर्वी किती तुराट्या होत्या ते सांगत होत्या. साहेबांनी नखानं चुना खरवडला. आतून एक उर्दू ओळ निघाली, तिच्या शेजारी मोडीचं एक शेपूट. "नंबर कहाँ है?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नदीत. "तारीख?" नदीत. मी कारण सांगितलं. देवाचं नाव, सरस्वती, आबा. कारकुनानं लिहून घेतलं की अहलकारानं कागदांचे नंबर हेतुपुरस्सर फाडून वाहत्या पाण्यात नष्ट केले. मी आबांकडे पाहिलं. आबा आकाशाकडे पाहत होते. इतक्यात भीतीनं म्हस्कूच मधे पडला आणि शेरडांनी थोडं खाल्लं हे आपण होऊन सांगून बसला. तेही लिहून घेतलं. शेरडांचे रंग विचारले.

मला वाटलं नोकरी गेली. जाती तर एका दृष्टीनं बरं होतं. पण मुन्तज़िमसाहेब हुशार. कागद नष्ट झाले म्हणून हैद्राबादला कळवायचं, तर आधी त्यांचीच मान अडकत होती. ते भिंतीभोवती फिरले, हातातली छडी भिंतीवर आपटून पाहिली आणि म्हणाले, "रेकॉर्ड ज़ाया नहीं हुआ. रेकॉर्ड मौजूद है. सिर्फ़ खड़ा है."

पंचनामा झाला. त्या दिवसापासून आमची न्हाणी जागिरीचं दफ्तर झाली. दफ्तरात पाणी नेण्यास मनाई. दफ्तरात बाहेरच्या माणसाला मनाई, आणि सगुणा नोकरीत नव्हती म्हणून ती बाहेरची. दाराला दोरी बांधली, तीवर लाख ओतली, शिक्का दाबला. आणि दफ्तराचा राखणदार म्हणून माझीच नेमणूक झाली. सकाळी कचेरी, संध्याकाळी घरी येऊन न्हाणीसमोर खुर्ची टाकून बसायचं. वीट येणं म्हणजे काय ते मला तिथं बसून समजलं. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ ज्यानं केले असतील, त्यानं कधीतरी न्हाणी बांधली असणार.

सगुणा पुन्हा अंधारात उठू लागली. कूड तर गल्लीनं केव्हाच जाळून टाकला होता. चारपाई उभी करायची, तिच्यावर लुगडं टाकायचं आणि त्या आडोशाला अंघोळ. शेजारी तिनं कुटलेल्या भिंती कोरड्या ठणठणीत उभ्या. तिनं मला बोल लावला असता तर सोसलं असतं. मी पेशकारसाहेबांना अर्ज केला, आबांच्या सांगण्यावरून आणखी दोन केले. उत्तर आलं नाही. खटला चालूच राहिला आणि आमची भिंत त्यात पुरावा म्हणून अडकून पडली.

बऱ्याच महिन्यांनी म्हस्कू दोन गाड्या आणि पहारी घेतलेले चार मजूर घेऊन दाराशी आला. हातात जालन्याहून आलेला हुकूम. मी उघडून पाहिला. वर सातशे शहाऐंशी, खाली कुणा नव्या माणसाचं घाईतलं अक्षर. काग़ज़ात, आणि पुढं तोच शब्द. अलिफ मधे कुठंतरी उभा होता.

आबा डोकावले. "जालना आसंल," म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "का जलाना आसंल?" म्हस्कू म्हणाला, "मालक, मला तर गाड्या भरा, एवढंच सांगितलं. आता जालन्याला न्यायच्या का गावाभाईर नेऊन पेटवायच्या, ते तुमी वाचून सांगा." मी म्हणालो, वर विचारून घेऊ. अर्ज करू. तोंडातून तेच आलं.

सगुणा चुलीपासून उठून आली. लुगड्याला हात पुसत तिनं विचारलं, "अवो, कसं बी वाचलं तरी भिंत चालली न्हवं का?"

"चालली," मी म्हणालो.

"मंग कशाला वाचता?"

ती आत गेली, तापलेलं पाणी बादलीत ओतून घेऊन आली. विळ्यानं दोरी कापली. लाख फुटून फरशीवर पडली. म्हस्कूकडे बघून म्हणाली, "थांबा जरा." आणि न्हाणीत जाऊन कडी लावली.

दुपारची वेळ होती. मजुरांनी पहारी खाली ठेवल्या आणि पाठ करून बसले. म्हस्कूनं बिडी काढली, पेटवली नाही. आबासुद्धा मधल्या भिंतीवरून उतरले. मी माझी खुर्ची ओढली आणि दाराशी बसलो. आतून पाणी पडल्याचा आवाज येत राहिला, मग थांबला. मग बराच वेळ काहीच आवाज नव्हता. ती उन्हात केस वाळवत असणार. कुणी घाई केली नाही.

ती बाहेर आली, ओले केस पाठीवर, आणि म्हणाली, "न्या आता."

भिंत सहजासहजी पडली नाही, हे सांगितलं पाहिजे. मजूर घामाघूम झाले. एका पहारीचं टोक वाकलं. दिवस कलला तेव्हा कुठं गाड्या भरल्या आणि म्हस्कू त्या घेऊन निघून गेला. कुठं नेल्या ते मी विचारलं नाही. जाताना त्यानं हुकुमाचा कागद मला परत दिला. म्हणाला, यावर सही करून कचेरीत जमा करायचाय.

परसात मोकळी फरशी, चुन्याचा भुगा आणि मी. सगुणानं माझ्या हातातून तो कागद घेतला. वरचं सातशे शहाऐंशी नीट फाडून कपाळाला लावलं आणि कोनाड्यात ठेवलं. उरलेला हुकूम बारीक फाडून पाण्याच्या घागरीत टाकला.

"मेथ्या संपल्यात," ती म्हणाली. "तेवढ्या घेऊन या."

मी चप्पल घातली आणि वाण्याकडे गेलो.